धाप्या माफी मागणार नाही

"आत्या, तुझा खलनायक इतका मिळमिळीत कसा गं?"

मित्रांनो, हा प्रश्न भरल्या सभागृहात, माइकवरून, तीनशे लोकांच्या देखत विचारला गेला. विचारणारी होती नववीची परीक्षा देऊन मोकळी झालेली एक मुलगी, आणि जिला विचारला ती तिची सख्खी आत्या, म्हणजे नुकत्याच संपलेल्या सिनेमाची दिग्दर्शिका. मागच्या रांगेत मुलीच्या तीन मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. सिनेमाभर ही त्यांच्या कानाशी कुरकुर करत होती, तेव्हा त्यातली एक वैतागून म्हणाली होती, "आमचं डोकं कशाला खातेस? एवढं वाटतंय तर माइक घे आणि तिलाच विचार. आहे हिंमत?"

हिंमत होती. चांगली किलोभर होती.

मी तेव्हा मंचावरच्या टेबलावर उभा होतो. मी एक जुना खलनायक आहे. पोलादाचा सांगाडा, स्पंजचं मांस, रबराची कातडी, उंची एक वीत आणि चार बोटं. तिने ज्याला मिळमिळीत म्हटलं तो मीच. तुम्हाला वाटेल, मला राग आला असेल. छे! मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण कुणीतरी हलवल्याशिवाय माझे हात हलत नाहीत. पोरगी अगदी खरं बोलत होती. त्या दिवशी माझ्या धडावर जे डोकं होतं, ते माझं नव्हतंच. माझं डोकं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून, कपाटाच्या वरच्या फळीवर पडलं होतं.

ते तिथे कसं गेलं ते सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो, मी उसासे टाकणार नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार उसासे टाकतात. ज्यांना ते हवं असेल त्यांनी एखाद्या छत्रीकडे जावं.

माझा जन्म एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत झाला. खाली शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या आजोबांचं दुकान, वर आमचं वर्कशॉप. दोन भक्कम टेबलं, एक कॅमेरा, भिंतभर कपाटं, आणि खिडक्यांना काळा कागद. कागद कशासाठी, तर उन्हाने लुडबुड करू नये म्हणून. आमच्याकडे एक सेकंदाचं काम व्हायला दोन-तीन तास लागतात. मला केसभर हलवायचं, बाजूला व्हायचं, फोटो काढायचा. पुन्हा केसभर हलवायचं, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद. दिवसभर राबून छत्तीस फोटो, म्हणजे तीन सेकंद. तेवढ्यात तुम्ही एक शिंक देऊन मोकळे होता!

मला घडवलं आत्याने. होय, मीही तिला आत्याच म्हणतो. आमचे दिवेवाले काका, म्हणजे प्रकाशयोजना सांभाळणारे, एकदा गमतीने म्हणाले, "ताई, मुलगा झाला की हा तुमचा." तर ती म्हणाली, "मुलगा नको, भाचा म्हणा. लाड करायचे आणि संध्याकाळी घरी पाठवून द्यायचं." तेव्हापासून मी भाचा.

माझ्या एकेका बोटात तार आहे. मानेत, खांद्यांत, गुडघ्यांत पोलादी गोळ्यांचे सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्याला एक बारीकसा स्क्रू. डोळे काचेचे, टाचणीने फिरवायचे. कोट एका फाटक्या काळ्या छत्रीचा. आणि बोलताना बदलायची तोंडं एकतीस! स्क्रू ठेवायच्या कप्प्याकप्प्यांच्या डब्यात माझी एकतीस तोंडं रांगेने ठेवलेली असत, 'अ'साठी एक, 'ऊ'साठी एक, ओठ आवळलेलं एक. नायिकेला मात्र छपन्न, त्यातली वीस नुसती हसण्याची. पाहा, अन्याय पहिल्या दिवसापासून होता.

आता मी सिनेमात नक्की काय करायचो ते ऐका. टेकडीवरचं एक गाव. तिथे सतत वारा. वाऱ्यावर गिरण्या चालतात, कपडे वाळतात, पोरांची कागदी भिरभिरी फिरतात. त्या गावात मी काच फुंकणारा कारागीर. लांब नळीच्या टोकाला तापलेला काचेचा गोळा घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकून त्याची बाटली करायची, हे माझं काम. आणि एके दिवशी माझा श्वासच संपतो. दोन पावलं चाललो की धाप. फुंकर मारली तर काच फुगतच नाही. मग मी काय करतो? जुन्या बरण्या काढतो आणि गावाचा वारा कोंडायला सुरुवात करतो. एकेक झुळूक, एकेक वावटळ. गिरण्या थांबतात, कपड्यांना कुबट वास यायला लागतो, भिरभिरी मेल्यासारखी लटकतात. शेवटी एक मुलगी भिरभिरं घेऊन माझ्या भट्टीपाशी येते, वारा परत मागायला.

मी तिच्यावर ओरडत नाही. मी तिला विचारतो, "या वाऱ्याचं तू काय करतेस?"

"भिरभिरं फिरवते," ती म्हणते.

"आणि मग?"

बस्स. तिच्याकडे उत्तर नसतं. छपन्न तोंडं असून त्यातलं एकही उपयोगी पडत नाही! वाऱ्याची मी काच करणार होतो, आणि ती नुसतं भिरभिरं. माझं चुकत होतं, मान्य. अख्खं गाव गुदमरत होतं. पण दोन क्षण तरी तुम्हालाही वाटलं असतं की हा म्हातारा काही अगदीच वेडं बोलत नाही. आणि तेच दोन क्षण खलनायकाचे असतात. ते त्याला मिळाले नाहीत, तर त्याला तुम्ही शिंगं लावा नाहीतर शेपूट लावा, तो नुसतं बुजगावणं.

पण एवढ्यानेही मी धाप्या झालो नसतो. त्यासाठी एक घोडचूक व्हावी लागली.

रोज सकाळी आत्या बारीक चावी घेऊन आमचे सगळे सांधे तपासायची. त्या दिवशी नेमका तिच्या भावाचा फोन आला. भाऊ तिच्याहून मोठा आणि त्याचे फोन नेहमी एकाच विषयावरचे, 'अजून बाहुल्याच का?' बोलता बोलता आत्याने नायिकेच्या मानेचा स्क्रू दोनदा पिळला आणि माझ्या मानेचा एकदाही नाही. शॉट मोठा होता, आठ सेकंदांचा, म्हणजे शहाण्णव फोटो, म्हणजे जवळजवळ तीन दिवस. आणि आमच्याकडे नियम असा, की शॉट चालू असताना सांध्याला चावी लावायची नाही. लावली तर पडद्यावर बाहुली पाल पडल्यासारखी दचकते. तीन दिवस सगळ्यांचे डोळे नायिकेच्या चेहऱ्यावर. मी बाजूला उभा. आणि माझी मान आपल्या वजनाने खाली येत राहिली. प्रत्येक फोटोत केसाहूनही कमी. कुणाला दिसणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याने आठही सेकंद सलग लावून पाहिले. "आणि मग?" असं विचारून मी उभा आहे. मुलगी गप्प आहे. आणि माझं डोकं हळूहळू, अगदी हळूहळू झुकत चाललंय. हरल्यासारखं नाही हं! दमल्यासारखं. जणू हा माणूस उत्तराची वाट बघतोय, पण त्याच्याकडे वाट बघायलाही श्वास उरलेला नाही.

आत्याने कपाळावर हात मारला. "तीन दिवस पाण्यात. मानेचा स्क्रू राहिला वाटतं."

दिवेवाले काका खुर्चीतून उठले, पडद्याजवळ गेले, पुन्हा मागे आले.

"ताई, परत लावा बरं."

तिने परत लावलं.

"याला धाप लागलीय हो," काका म्हणाले. "कुणीतरी खुर्ची द्या याला." आणि जरा थांबून, "पण मी नाही देणार. माझ्याकडे असं बघितलं त्याने, तर मी पळून जाईन."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वात मोठी दाद ती. ज्याला खुर्ची द्यावीशी वाटते आणि ज्याच्यापासून पळूनही जावंसं वाटतं, तो मी. त्या दिवसापासून माझं नाव धाप्या पडलं, आणि माझ्या मानेचा स्क्रू मुद्दाम पाव फेरा सैल ठेवला जाऊ लागला. खालचे शिवणयंत्रवाले आजोबा नातींना घेऊन वर आले, तेव्हा धाकटी नात दाराआड लपून पाहत होती. जिना उतरताना मात्र तिने तीनदा विचारलं, "तो काका परत कधी येणार?" नायिकेबद्दल एकदाही नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगतोय. हो, मारतोय फुशारकी.

मग आले वाहिनीचे साहेब. ज्या वाहिनीवर सिनेमा लागायचा होता तिथले. त्यांनी सगळं पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छान आहे, मॅडम."

छान आहे म्हणून माणूस गप्प बसला नाही, की समजावं काहीतरी येतंय.

"पण हा म्हातारा... हा वाईट आहे का चांगला आहे तेच कळत नाही. मुलांचा गोंधळ उडेल."

"उडू दे की थोडा," आत्या म्हणाली.

"घाबरतील."

"थोडी घाबरू देत."

"मग नीट घाबरवा ना! गालावर मोठा व्रण द्या, दात द्या, एक गडगडाटी हसू द्या. आणि शेवटी त्याला रडवा. गुडघ्यावर बसून सगळ्यांची माफी मागू दे. पोरं हसत घरी जातील."

माझा शेवट मुळात असा नव्हता. मुळात ती मुलगी माझ्या बरण्या फोडते, वारा सुटतो, आणि त्या सुटणाऱ्या वाऱ्यातली शेवटची झुळूक मी नळीत पकडतो. एकच बाटली फुंकतो, वेडीवाकडी. ती काखेत मारतो आणि गावाबाहेर चालू लागतो. माफी नाही, अश्रू नाहीत. मुलगी जिंकते, पण माझ्या पाठीकडे बघत उभी राहते.

आत्या पाच दिवस भांडली. फोनवर भांडली, समोरासमोर भांडली. सहाव्या दिवशी साहेबांनी सांगितलं, असाच ठेवायचा असेल तर सिनेमा दाखवणार नाही. चार वर्षांचं काम ट्रंकेत घालायचं? ती गप्प झाली. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असतो तर... नाही, मी असतो तर साहेबांना बरणीत कोंडलं असतं. पण ती आत्या आहे.

नव्या डोक्याला व्रण होता, जाड भुवया होत्या, करवतीसारखे दात होते. मान घट्ट पिळलेली. ते हसायचं! प्रत्येक प्रसंगात कंबरेवर हात ठेवून हॉ हॉ हॉ. अरे, कशाला हसतोयस? ज्या माणसाचा श्वास संपत आलाय तो हसण्यात श्वास घालवेल का? मला हसायला वेळच नव्हता, मला काम होतं. जगातल्या सगळ्या जबरदस्त खलनायकांना काम असतं, हे ध्यानात ठेवा. रिकामा बसून हसतो तो खलनायक नसतो, तो शेजारी असतो.

आणि गुडघे! गुडघे टेकण्याचा तो शॉट बावीस सेकंदांचा. डाव्या गुडघ्यातला स्पंज फाटला, तिथे सुईदोऱ्याने टाका घातला. डोळ्यांतून ग्लिसरिनचे थेंब. नायिका माझ्या डोक्यावरून हात फिरवते, गावकरी टाळ्या वाजवतात. माझं खरं डोकं तेव्हा डब्यात होतं, हे एक बरं झालं. माणूस कुठे असतो, डोक्यात की धडात, असा प्रश्न विचारतात ना? मी दोन्हीकडे होतो, आणि दोन्हीकडे संतापलो होतो.

सिनेमा लागला. कुणी नावं ठेवली नाहीत आणि कुणी आठवणही ठेवली नाही. मग सुट्टी लागल्यावर सभागृहात मुलांसाठी खास खेळ झाला, आणि तिथे तो प्रश्न आला.

आत्याचा चेहरा उतरला, पण तिने सावरलं. "लहान मुलं घाबरतात ना गं, म्हणून..."

"मी नाही घाबरलो!" पहिल्या रांगेतून एक पाच वर्षांचा आवाज आला. "मला झोप आली!"

सभागृह हसलं. आत्याही हसली. पण टेबलावरून उचलून पिशवीत ठेवताना तिने माझं तोंड खाली केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोरगी वर्कशॉपात आली. घरचे तिला टकळी म्हणतात, तर आपणही टकळीच म्हणू. तिला बाबांनी पाठवलं होतं, भर सभेत आत्याचा पाणउतारा केलास म्हणून माफी मागायला. आई आणि बाबा सहा वाजता न्यायला येणार होते. दारात उभी राहून तिने सगळं एका दमात म्हणून टाकलं, "आत्या सॉरी, मी मैत्रिणींच्या नादाने बोलले, म्हणजे पैज होती, पण प्रश्न खरा होता, तो मी मागे घेत नाही, फक्त माइक मागे घेते."

आत्या टेबलाशी बसली होती. तिच्या हातात चावी होती आणि माझा उजवा हात खांद्यापासून सुटा होऊन तिच्या समोर पडला होता.

"हे काय करतेस?" टकळी म्हणाली.

"सोडवतेय याला. टूथपेस्टच्या जाहिरातीतला ससा करायचाय. मापाचा सांगाडा हाच आहे."

"म्हणजे हा संपला?"

"आमच्यात असंच असतं. सांगाडे फेकून देत नाहीत. याच्या आधी हा सांगाडा पोस्टमन होता."

हे मात्र मलाही ठाऊक नव्हतं. पण त्याबद्दल नंतर कधीतरी विचार करीन म्हटलं.

टकळी स्टुलावर बसली. मग म्हणाली, "मी बोलले म्हणून काढतेस का त्याला?"

"नाही गं. तू जे बोललीस ते मला वर्षभर माहीत आहे." आत्याने चावी खाली ठेवली. "तुला एक दाखवू? वाहिनीवाल्यांनंतर कुणाला दाखवलेलं नाही. आठच सेकंद आहेत."

तिने दाखवले. टकळीचं तोंड उघडं पडलं आणि तसंच राहिलं. मग ती म्हणाली, "परत." परत. परत. सात वेळा पाहिलं तिने.

"हा कुठे होता?"

आत्याने कपाटावरून बिस्किटांचा डबा काढला. कापूस बाजूला झाला आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या खऱ्या डोळ्यांना माणसाचा चेहरा दिसला. तोही असा, की डोळे विस्फारलेले आणि नाकावर मुरूम.

"आत्या, हा भीतीदायक आहे! आणि याला ना व्रण, ना दात!" टकळी उड्याच मारायला लागली. "मला सांगू का कशाने भीती वाटते? याला घाई आहे. ते दुसरं डोकं आपल्याला घाबरवायला थांबलेलं असतं. हा आपल्यासाठी थांबतच नाही. आणि तो 'आणि मग' विचारतो ना, तेव्हा मला उत्तर सुचेना. मी शाळेत वादविवादात पहिली येते, मला उत्तर सुचेना!"

आत्या म्हणाली, "वाहिनीच्या साहेबांना हे सांगायला तू हवी होतीस."

"मग आपण परत काढू. खरा शेवट."

"वेडी आहेस. याचे जुने प्रसंग आहेत माझ्याकडे, पण शेवट काढायचाच राहिला होता, आणि तो दीड मिनिटाचा आहे. म्हणजे किती फोटो?"

टकळीने बोटांवर हिशोब केला. "एक हजार ऐंशी."

"आणि रोजचे छत्तीस. तीस दिवस, एकही सुट्टी न घेता. दिवेवाले काका आता फक्त सकाळी येतात. एकजण दिव्यांपाशी, एकजण कॅमेऱ्याशी, एकजण बाहुलीशी. मी एकटी कुठे कुठे नाचू?"

"मी आहे ना! मला शिकव. वाहिनीवर त्यांचा शेवट राहू दे. शाळांमध्ये, सभागृहात आपण आपला दाखवू. ते तर तुला करता येतं ना?"

"येतं," आत्या हळूच म्हणाली. आणि मग, "सशाचं काम सुट्टी संपल्यावर सुरू होतंय. तोपर्यंत सांगाडा तसा मोकळाच आहे." मग एकदम भानावर आल्यासारखी, "पण तुझा क्लास? उद्यापासून दहावीचा क्लास आहे ना तुझा? दादाने मला तीनदा सांगितलंय. मी काही बोलणार नाही हं मध्ये. तुझं घर, तुझे आईबाप. तुझं तू ठरव आणि तूच सांग."

टकळी माझा सुटलेला हात उचलून उलटासुलटा बघत होती. मग तिने विचारलं, "हा कुठल्या बाजूने बसवायचा?"

पुढचे तीन तास मी जन्मभर विसरणार नाही. हात बसला. गुडघ्यावरचा टाका उसवून नवा स्पंज भरला. भट्टीचा सेट मागच्या टेबलावर धूळ खात पडला होता. टकळीने रंगाच्या ब्रशने धूळ झटकली, तीसेक शिंका दिल्या आणि मध्येच खालच्या आजोबांकडून शिवणयंत्राचं तेल मागून आणलं. आत्याने माझं डोकं धडावर ठेवलं आणि चावी टकळीच्या हातात दिली. "पिळ. पूर्ण पिळ. आता पाव फेरा सोड. थोडा जास्त सोडलास. हं. बरोबर."

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तूने काहीतरी मागायचं असतं. मला जपा, मला पुसा, मला विसरू नका. मीही मागतो, पण माझ्या पद्धतीने. मला काचेच्या पेटीत ठेवू नका. सुट्टी संपल्यावर कदाचित मी ससा होईन, आणि खुशाल होईन. तुमच्या दातांबद्दल गोड बोलेन. मोडून पडायची मला भीती नाही. भीती होती ती गुडघ्यांवर बसलेला राहून जाण्याची. शंभर वर्षं पेटीत रडत जगण्यापेक्षा तीस दिवस ताठ उभं राहून सुटं झालेलं बरं.

आणि जपायचंच असेल, तर ज्याच्यात जे सैल आहे ते जपा. आमच्यातल्या ज्या चुकीमुळे आम्ही आम्ही झालो, ती दुरुस्त करायला चावी घेऊन धावू नका. तुमच्या गोष्टींत वाईट माणसं येतील तेव्हा त्यांना आधी काम द्या, मग कारण द्या, मग असा एक प्रश्न द्या ज्याचं उत्तर तुम्हालाच येत नाही. त्यांना हरवा. हरवायलाच हवं, अख्खं गाव गुदमरतंय. पण उगाच रडवू नका. ज्याला हरवायला कष्ट पडत नाहीत, त्याला हरवून तुमची मुलगी मोठी कशी होणार?

सहाला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. आई पुढे, बाबा मागे. बाबांना जिना चढून दम लागला होता. मी म्हटलं, वा, जमलं तर आपलं या माणसाशी जमेल.

"मागितलीस का माफी?" बाबांनी आत येता येताच विचारलं.

"मागितली," आत्या म्हणाली. "आणि मीही तिचे आभार मानले. बस ना दादा. वहिनी, बस."

"बसायला वेळ नाही," आई म्हणाली. "उद्या सातला क्लास आहे हिचा, वह्या घ्यायच्यात अजून. आणि हे गं काय? हातांना काय फासलंयस?"

"तेल," टकळी म्हणाली. ती टेबलामागे उभी होती, माझ्या एका बाजूला. मी भट्टीसमोर, पाय स्क्रूने टेबलाला जखडलेले, हातात नळी. दिवा लागलेला. ती खाली बघत नव्हती. "आई, बाबा, मला एक सांगायचंय."

"घरी जाऊन सांग," बाबा म्हणाले.

"नाही, इथेच सांगते. विचारत नाहीये, सांगतेय."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या कॅमेऱ्यात डोकं घालून बसली होती, जणू त्यात कुणी हरवलंय. ठरल्याप्रमाणे ती काही म्हणजे काही बोलली नाही. आई सावकाश स्टुलावर बसली.

"मी सुट्टीतल्या क्लासला जाणार नाही," टकळी म्हणाली. "तीस दिवस, रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मी इथे येणार आहे. दहावीचं पुस्तक रोज घरी आल्यावर एक तास वाचणार, तुम्ही समोर बसा हवं तर. शाळा सुरू झाली की क्लास लावा, मी एक दिवसही बुडवणार नाही. पण हा सिनेमा चुकीचा संपलाय आणि तो बरोबर कसा संपतो ते मला माहीत आहे, म्हणून तो मी संपवणार आहे. रागावायचं असेल तर रागवा, मी ऐकून घेईन. फक्त बाबा, तेवढं टेबलाला टेकू नका. पहिला फोटो काढायचाय."